बूस्टर बदलण्याआधी मास्टर सिलिंडर बघा

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. आमच्याकडे वडिलांच्या वेळची 1998 सालची कार्ब्युरेटरवाली झेन आहे. पावसाळ्यापासून ब्रेकचं पेडल फार कडक झालंय. पाय ठेवला की पेडलाजवळून फुस्स असा आवाज येतो आणि गाडी उभी असेल तर इंजिन बंद पडायला बघतं. ब्रेक ऑइलची बाटली महिन्याभरात निम्मी होते, पण चारही चाकांशी आणि पाइपांवर कुठेच ओल नाही. सकाळी सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. एका मेकॅनिकने बूस्टर गेला म्हणून सांगितलं, दुसऱ्याने हेड गॅसकेट खोलायला लावलंय. मी डिप्लोमा मेकॅनिकल केलंय, पाने घरी आहेत, बूस्टर स्वतः बदलायचा विचार आहे. चुलतभाऊ मदतीला आहे. आठवड्यातून एकदा कुंभार्ली घाटाने कराडला जावं लागतं. काय करावं?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : दादा, आधी घाटाचं. बूस्टरचं काम होईपर्यंत ही गाडी कुंभार्लीत नेऊ नका. एसटीने जा. बूस्टर म्हणजे इंजिनच्या ओढीने तुमच्या पायाचा जोर वाढवणारा डबा. तो मेला तरी ब्रेक मरत नाही, ऑइलचा दाब तुमच्या पायाने तयार होतोच. पण त्यासाठी पाय कितीतरी पट जोरात दाबावा लागतो, आणि घाटात अचानक वेळ आली तर तेवढा जोर लागेलच याची खात्री देता येत नाही. शिवाय तुमचं ऑइलही कमी होतंय, म्हणजे दुखणी दोन आहेत.

हेड गॅसकेट खोलू नका. पत्रात तुम्ही जी लक्षणं लिहिली आहेत ती सगळी एका धाग्यात बसतात. मास्टर सिलिंडर म्हणजे पेडलाचा जोर ब्रेक ऑइलला देणारा पंप. त्याचं मागचं सील गेलं की ऑइल बाहेर रस्त्यावर पडत नाही, ते मागे बूस्टरच्या डब्यात उतरतं. म्हणून ओल कुठे दिसत नाही आणि बाटली रिकामी होत जाते. बूस्टरचा डबा जाड पाइपाने इंजिनच्या मॅनिफोल्डला, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळीला जोडलेला असतो, इंजिन तिथून हवा ओढतं, हवेबरोबर ऑइलही ओढलं जातं आणि जळतं. तोच तुमचा पांढरा धूर. हेड गॅसकेट गेलं असतं तर रेडिएटरचं पाणी कमी झालं असतं. ते कमी होतंय असं तुम्ही कुठे लिहिलेलं नाही, तरी एकदा बघून घ्या. पाणी जागेवर आणि ब्रेक ऑइल गायब, तर संशय घ्यायला दुसरी जागाच उरत नाही.

माझं म्हणणं एवढंच की तुमच्या गाडीत बूस्टर आपल्या मरणाने मेलेला नाही. मास्टर सिलिंडरने त्याला मारलंय. बूस्टरच्या आतला रबरी पडदा ब्रेक ऑइलमध्ये भिजून फुगतो, मऊ पडतो, शेवटी फाटतो. नुसता बूस्टर नवा बसवलात आणि मास्टर सिलिंडर जुनाच ठेवलात, तर नव्यातही तेच ऑइल उतरेल. उद्यमनगरातल्या माझ्या गॅरेजात अशा गाड्या येतात, बूस्टर नवा कोरा आणि आत ऑइल साचलेलं. मालकाचे पैसे गेलेले असतात आणि पेडल परत दगड झालेलं असतं.

तरीही खोलायच्या आधी बूस्टरच दोषी आहे हे घरच्या घरी पक्कं करा. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, कडक झालं की तसंच दाबून धरा आणि इंजिन चालू करा. बूस्टर चांगला असेल तर पेडल पायाखाली थोडं खाली जातं. तुमचं जाणार नाही. दुसरी खूण याहून बोलकी आहे. गाडी उभी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. मॅनिफोल्डवरून बूस्टरकडे जाणाऱ्या पाइपावर फडकं गुंडाळून तो पक्कडीने दाबून धरा आणि भावाला ब्रेक दाबायला सांगा. पाइप दाबल्यावर इंजिन सरळ चालायला लागलं, तर जादा हवा बूस्टरमधूनच शिरतेय हे सिद्ध झालं. कार्ब्युरेटरच्या गाडीत ही हवा पेट्रोल न घेता आत जाते, मिश्रण पातळ होतं आणि आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतलं इंजिनचं मंद चालणं, कोसळतं. पाइप दाबूनही काहीच फरक पडला नाही, तर पाइपाला चीर आहे का ते बघा. जुन्या गाड्यांचा हा पाइप टोकाशी तडकतो, आणि असं असेल तर अगदी थोडक्यात काम भागतं.

त्याच पाइपाच्या वाटेवर एकमार्गी व्हॉल्व्ह असतो. काही गाड्यांत पाइपाच्या आत, काहींत बूस्टरच्या तोंडावर रबरी बुशात. इंजिनच्या बाजूने तोंडाने ओढून बघा, हवा यायला हवी. फुंकलं तर जायला नको. दोन्हीकडून वारा खेळत असेल तर तो बदला. बसवताना त्याच्यावरचा बाण इंजिनकडे.

आता काम. सुटे भाग आणताना दुकानदाराला नुसतं ‘झेनचा बूस्टर’ सांगू नका. आरसी बुक घेऊन जा, साल आणि चासी नंबर दाखवा. कार्ब्युरेटरची झेन आणि नंतरची इंजेक्शनची, यांचे भाग एकच आहेत असं गृहीत धरायचं नाही. बूस्टर आणि मास्टर सिलिंडर दोन्ही नवे घ्या. मास्टर सिलिंडरला नुसतं नव्या सीलचं किट टाकून भागतं का, असं तुम्ही विचाराल. सिलिंडरची आतली भिंत काचेसारखी गुळगुळीत असेल तर भागतं. पण कोकणातली गाडी, एवढी वर्षं झालेली, ऑइल वेळच्या वेळी बदललेलं असण्याची शक्यता कमी. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, ते पाणी आत गंज धरतं आणि गंजाच्या खड्ड्यांवर नवं सील घासून महिन्या-दोन महिन्यांत परत गळतं. भंगारातला बूस्टर तर कोणी फुकट दिला तरी घेऊ नका, कारण आतल्या रबराचं वय बाहेरून कळत नाही. आणि जुना डबा उघडून पडदा बदलायचा मोह झाला तर आवरा. दोन अर्ध्या वाट्या पत्रा दुमडून जोडलेल्या असतात आणि आत जबर स्प्रिंग दाबलेली असते.

आदल्या संध्याकाळी मास्टर सिलिंडरच्या पाइपांच्या नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. या नटांना साधा दुतोंडी पाना लावायचाच नाही. ते 10 चे असतात, मऊ असतात, कोपरे गोल झाले की पुढचा दिवस वाया गेला म्हणून समजा. पाइपासाठी कापलेला रिंग पाना मिळतो, तोच वापरा. नट फिरताना हात पाइपावर ठेवा. पाइप नटाबरोबर पिळला जातोय असं बोटांना जाणवलं की तिथेच थांबा, पुन्हा स्प्रे मारा, नट पुढे-मागे हलवत सोडवा. पाइप पिळून तुटला तर तो बनवून आणेपर्यंत गाडी जागची हलत नाही.

सकाळी इंजिन बंद असताना पेडल पाच-सहा वेळा दाबून डब्यातला व्हॅक्यूम, म्हणजे इंजिनने हवा ओढून केलेली पोकळी, संपवा. एअर क्लीनरचा डबा काढलात तर हात घालायला जागा होते. इंजेक्शनच्या सिरिंजने बाटलीतलं ऑइल ओढून घ्या. पाइप सोडा, त्यांची तोंडं झाका आणि मास्टर सिलिंडरचे दोन नट काढून तो सरळ पुढे ओढा. आता टॉर्च घेऊन बूस्टरच्या तोंडात बघा. तिथे ओल दिसेल. बोट फिरवलंत तर तेलकट लागेल, काळपट झालेलं ब्रेक ऑइल. या एका नजरेने दोन्ही मेकॅनिकांचा वाद मिटेल. ऑइल पत्र्याच्या रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. रंग फुगून निघतो.

उरलेलं काम डॅशबोर्डखाली आहे आणि अंग मोडणारं आहे. ड्रायव्हरची सीट काढून ठेवा, चार बोल्टांचं काम, पण पाठ वाचते. आडवं पडून वर बघितलं की पेडलच्या दांड्याला बूस्टरचा फोर्क, म्हणजे मागच्या दांड्याचं दुबेळकं टोक, दिसतो. स्प्लिट पिन काढा, आडवी पिन बाहेर घ्या. मग बूस्टरचे चार नट. वरचे दोन डोळ्यांना दिसत नाहीत, हाताने चाचपून गोटी पान्याला लांब एक्स्टेन्शन लावून सोडवायचे. भावाला बॉनेटखाली डबा धरून उभं करा, नाहीतर शेवटचा नट सुटला की तो खाली बसतो. फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) आणि बूस्टर यांच्यामधलं पॅकिंग नवं टाका. जुन्या पॅकिंगमधून पावसाचं पाणी केबिनमध्ये येतं, चिपळुणात ते परवडणारं नाही.

नव्या बूस्टरचा फोर्क जुन्याइतकाच लांब ठेवा. जुन्या बूस्टरवर पत्र्यापासून पिनच्या भोकापर्यंतचं माप घ्या, नव्याला तेच लावा, लॉक नट आवळा. पुढच्या तोंडातला दांडा बूस्टरमधून ओढून बाहेर काढून बघू नका. आत रबराची एक चकती असते, ती जागेवरून पडली की ब्रेक चमत्कारिक लागायला लागतो, पायाला अंदाज येत नाही. स्प्लिट पिनही नवी घ्या, जुनी सरळ करून घालू नका.

आता ज्यावर हे सगळं काम तरतं किंवा बुडतं ती गोष्ट, आणि घाईच्या गॅरेजात नेमकी तीच बघितली जात नाही. बूस्टरच्या पुढच्या तोंडातून एक बारीक दांडा बाहेर येतो आणि मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला ढकलतो. दांडा आणि पिस्टन यांच्यात किती सुट्टी, म्हणजे मोकळी फट, राहते, ते मोजलंच पाहिजे. सुट्टी जास्त राहिली तर पेडलचा पहिला भाग फुकट जातो. दांडा लांब राहिला तर पिस्टन कायम थोडा दाबलेला राहतो, ऑइलला परत बाटलीत जायची वाट मिळत नाही, चालताना पॅड तापतात, ऑइल फुगतं, ब्रेक आपोआप आवळत जातो आणि गाडी भर रस्त्यात जाम होते. सुट्टीचं नेमकं माप तुमच्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या. मोजायची साधी रीत सांगतो. दांड्याच्या टोकावर मुलांच्या खेळण्यातल्या चिकणमातीची चिमूट लावा, मास्टर सिलिंडर बसवून दोन नट आवळा, परत काढा आणि दबलेल्या मातीची जाडी व्हर्नियरने मोजा. दांड्याच्या टोकाला फिरवायचा स्क्रू असतो, त्याने लांबी कमी-जास्त होते. मोजून झाल्यावर मातीचा कणही आत राहू देऊ नका.

नवा मास्टर सिलिंडर गाडीवर चढवण्याआधी शेगड्यात (व्हाइसमध्ये) हलका धरून त्यात ऑइल भरा आणि पिस्टन हळूहळू दाबून हवेचे बुडबुडे काढून घ्या. मग बसवा आणि चारही चाकांच्या ब्रेक पाइपांतली एअर (अडकलेली हवा) काढा, सर्वांत लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्यापासून. ऑइल बाटलीच्या झाकणावर लिहिलंय त्याच प्रकारचं, सीलबंद डब्यातलं. मागच्या वर्षी उघडून फडताळात ठेवलेलं ऑइल नको.

मग बाटलीचं झाकण उघडून आत बघा आणि भावाला पेडल अगदी हळू दाबायला सांगा. पेडल हलायला लागल्याबरोबर ऑइलच्या पृष्ठभागावर बारीकशी उसळी दिसली पाहिजे. ती दिसली म्हणजे परतीचं भोक उघडं आहे, दांडा लांब नाही. तोंड फार जवळ नेऊ नका, ऑइल डोळ्यात उडतं. त्यानंतर सपाट, रिकाम्या रस्त्यावर पाच-सहा किलोमीटर चालवा, घरी येऊन पुढची चाकं जॅकवर घ्या आणि हाताने फिरवा. फिरली तर काम झालं. जड असतील तर मास्टर सिलिंडरचे दोन नट दोन आटे ढिले करा. तेवढ्याने चाक मोकळं झालं तर दांडा लांब आहे, परत माप घ्या. ढिले करूनही जाम असेल तर दोष चाकावर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये आहे.

पाइपात साचलेलं ऑइल जळून संपेपर्यंत एक-दोन दिवस धूर दिसेल. जाडा पाइप आधीच काढून आतून पुसून घेतलात तर तेवढाही नाही. आणि घाटात जायच्या आधी जवळच्या एखाद्या जाणत्या मेकॅनिकला तुमचं काम एकदा दाखवा. डिप्लोमा आहे, भाऊ आहे, सगळं खरं, पण ब्रेकचं काम दुसऱ्या डोळ्यांखालून गेलेलं बरं.

प्रश्न : माझ्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे, हौसेने जपलेली. मुलाची नवी गाडी चालवून हिच्यात बसलो की ब्रेक फार कडक लागतो. मारुतीचा बूस्टर हिला बसवून देतो असं एक जण म्हणतो. बसवू का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नका बसवू. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि कंपनीने बूस्टर दिलेलाच नाही. ड्रमचे शू फिरणाऱ्या ड्रममध्ये स्वतःहूनच थोडे ओढले जातात, म्हणून बूस्टरशिवाय त्या गाड्या चालल्या. पेडलची लांबी, सिलिंडरचा व्यास, ड्रमचा आकार, सगळं एकमेकांच्या हिशोबाने ठरलेलं असतं. मध्येच दुसऱ्या गाडीचा बूस्टर घातला की पाय हलका ठेवूनही मागची चाकं जाम होतील आणि ओल्या रस्त्यावर गाडी आडवी होईल. त्यापेक्षा ड्रम उतरवून शूवरचं लायनिंग (ड्रमला घासणारा थर) बघा. हौसेची गाडी कमी चालते, लायनिंगवर चकाकी येते आणि पकड जाते. ग्रेडही चुकीची, फार टणक मिळालेली असू शकते. लायनिंग नवं, ड्रम हलका टर्न करून घेतलेला, शूची सेटिंग नीट, एवढं झालं की पद्मिनी जशी थांबायची तशी थांबेल. नव्या गाडीइतका हलका पाय हिला पुरणार नाही, हे मनाशी धरूनच ती चालवा.

प्रश्न : काका, मी वाईहून महाबळेश्वरला टुरिस्ट गाडी चालवतो. पसरणी घाट उतरताना आमच्यातले काही जण पेट्रोल वाचवायला चावी बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडतात. मीही कधीकधी करतो. आणि वर महाबळेश्वरात ब्रेक थोडा कडक लागतो, तो भास आहे का?
— एक चालक, वाई

उत्तर : भास नाही. बूस्टरची सगळी ताकद बाहेरच्या हवेची आहे. पडद्याच्या एका बाजूला इंजिनने ओढून पातळ केलेली हवा, दुसऱ्या बाजूला बाहेरची. समुद्रसपाटीला आयडलिंगवर 18 ते 20 इंच पाऱ्याचा व्हॅक्यूम मिळतो. 20 सेंटिमीटर व्यासाचा पडदा धरला तर त्याच्यावर दोनशे किलोच्या आसपास जोर पडतो, तुमच्या पायाचा वेगळा. दर हजार फुटांना हा व्हॅक्यूम सुमारे एक इंचाने कमी होतो. महाबळेश्वर साधारण साडेचार हजार फुटांवर, म्हणजे वर चार-साडेचार इंच गेले. पायाला ते कळणारच.

आता चावीचं. दादा, हे आजपासून बंद करा, आणि तुमच्याबरोबरच्या चालकांनाही बंद करायला लावा. इंजिन थांबलं की डब्यात साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांपुरता असतो. पसरणीच्या पहिल्या एक-दोन वळणांत तो संपतो आणि पुढे मागे प्रवासी बसलेली भरली गाडी नुसत्या पायाच्या जोरावर. चावी जास्त मागे फिरली तर स्टीअरिंग लॉक होऊ शकतं. न्यूट्रलमुळे इंजिनची ओढ मिळत नाही, सगळं वजन पॅडांवर येतं, पॅड तापतात, ऑइलमध्ये शिरलेलं पाणी उकळतं आणि पेडल सरळ खाली जातं.

आणि ज्या बचतीसाठी हे करता ती बचत इंजेक्शनच्या गाडीत नाहीच. गिअरमध्ये राहून अॅक्सिलरेटर पूर्ण सोडला की गाडी इंजिनला फिरवते आणि कॉम्प्युटर इंजेक्टर बंद करतो, पेट्रोल जातच नाही. इंजिन चालू ठेवून न्यूट्रलमध्ये उतरलात तर उलट आयडलिंगचं पेट्रोल जळतं. शिवाय अॅक्सिलरेटर सोडून गिअरमध्ये उतरताना मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम सगळ्यात जास्त तयार होतो, म्हणजे बूस्टरला हवी तेव्हाच भरपूर ताकद मिळते. घाट ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा.

प्रश्न : आमची जुनी इंडिका डिझेल आहे. मध्येच कधीतरी ब्रेक एकदम कडक होतो आणि थोड्या वेळाने परत चांगला लागतो. बूस्टर बदलून झाला, फरक नाही. कडक होतो तेव्हा डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा मंद लुकलुकतो, त्याचा काही संबंध असेल का? मी रोज मुलांना शाळेत सोडते, म्हणून काळजी वाटते.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, संबंध आहे, आणि तुम्ही तो दिवा पाहून लिहिलात म्हणून निदान सोपं झालं. डिझेल इंजिनमध्ये पेट्रोलसारखा हवा अडवणारा थ्रॉटल नसतो, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये बूस्टरला पुरेल असा व्हॅक्यूम तयार होत नाही. त्यासाठी वेगळा पंप लागतो, आणि तुमच्या गाडीत तो बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या पाठीलाच जोडलेला आहे. दोघांना फिरवणारा पट्टा एकच. पट्टा घसरला की चार्जिंग पडतं, दिवा लुकलुकतो आणि त्याच वेळी व्हॅक्यूमही पडतो. बूस्टरचा यात काही दोष नव्हता.

इंजिन बंद करून पट्टा बघा, कडा फाटल्या असतील किंवा आतून चकचकीत झाला असेल तर आजच नवा टाकून ताण नीट लावून घ्या. मग पंपाला ऑइल देणारा बारीक पाइप आणि परतीचा पाइप तपासायला सांगा. पंपाची पाती इंजिन ऑइलवर चालतात, ऑइल पोचलं नाही तर ती झिजतात आणि मग पट्टा नवा असूनही ब्रेक कडक राहतो. मेकॅनिकला पंपाच्या तोंडावर व्हॅक्यूम गेज लावून रीडिंग घ्यायला सांगा आणि आकडा मला कळवा. तोवर मुलांना रिक्षाने पाठवा. गाडी चालवणं भागच पडलं आणि तो दिवा लागला, तर पेडल पुन्हा पुन्हा न दाबता एकदाच दाबून धरा, खालच्या गिअरवर येत गाडी कडेला घ्या आणि हँडब्रेक लावा.